उंदीर दिसण्याची वाट पाहू नका

अकोट तालुक्यात शेतातला माल वर्षभर थोडाथोडा घरात येतच असतो. ऑक्टोबरात सोयाबीन येते. दिवाळीच्या आगेमागे कापसाची वेचणी सुरू होते आणि भाव चढेल या आशेने तो कित्येक घरांत एका खोलीत छतापर्यंत भरून ठेवलेला असतो. जानेवारीत तूर, मार्चमध्ये हरभरा, आणि उन्हाळ्यात वर्षभराचे गहू-ज्वारी कोठीत भरले जातात. घराला लागून कोठा, कोठ्यात कुटार आणि ढेप, मागच्या वाडीत सरपणासाठी रचलेल्या पऱ्हाट्या. खायला दाणा, लपायला आडोसा आणि घर करायला मऊ कापूस, एवढे सगळे एका ठिकाणी मिळाल्यावर उंदीर येणार नाही असे घर विरळच.

तरीही बहुतेक घरांत उपाय सुरू होतो तो उंदीर डोळ्यांना दिसल्यावर. तोपर्यंत बराच उशीर झालेला असतो. उंदीर रात्रीचा प्राणी आहे. माणसे झोपल्यावर तो बाहेर पडतो आणि पहाटेच्या आत परततो. भरदिवसा तो स्वयंपाकघरात फिरताना दिसू लागला, तर बहुधा त्यांची संख्या वाढली आहे आणि रात्रीच्या खाण्यात सगळ्यांचे भागत नाही असे समजावे. छोट्या घरउंदराची मादी साधारण तीन आठवड्यांत विते, एका वेळी पाच-सहा पिल्ले होतात आणि ती पिल्ले दीड-दोन महिन्यांत स्वतः वेताला येतात. म्हणून महिनाभराचा आळस फार महाग पडतो. पण उंदीर दिसण्याच्या कितीतरी आधी घरात त्याच्या खुणा उमटलेल्या असतात. त्या कशा वाचायच्या आणि वाचल्यावर काय करायचे, ते इथे क्रमाने सांगतो.

खुणा वाचणे का महत्त्वाचे

आपल्या महाराष्ट्राने याचा धडा घेतलेला आहे. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि पुढच्या काही वर्षांत तो गावोगावी पसरला. घरात उंदीर मरून पडू लागले की लोक घर सोडून रानात झोपड्या घालून राहत. पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने १८९८ मध्ये कराचीत दाखवून दिले की हा रोग उंदरांच्या अंगावरच्या पिसवांमधून माणसापर्यंत येतो. उंदीर मेला की पिसवा त्याचे थंड अंग सोडून दुसरे रक्त शोधतात. झोपडीत जाणाऱ्या लोकांना हे शास्त्र ठाऊक नव्हते, पण खूण त्यांनी बरोबर वाचली होती.

जुनी गोष्ट म्हणून ती सोडून देता येत नाही. बीड जिल्ह्यातल्या मामला या गावी १९९४ च्या ऑगस्टमध्ये उंदीर मरू लागले आणि घरांत पिसवांचा त्रास वाढला. गाठीच्या प्लेगचे रुग्ण पुढे सप्टेंबरात समोर आले. मराठवाड्यात आदल्या वर्षी, ३० सप्टेंबर १९९३ ला, किल्लारीचा भूकंप झाला होता. भूकंपाच्या भीतीने सोडलेल्या घरांत धान्य पडून राहिले आणि त्यावर उंदीर माजले, असे कारण तेव्हा अनेक जाणकारांनी सांगितले. म्हणजे माणसे आजारी पडण्याच्या काही आठवडे आधी घरांनी इशारा दिलेला होता.

प्लेग आज आपल्या दारात नाही. पण उंदराशी जोडलेले दुसरे आजार विदर्भात आहेत. २०१८ च्या पावसाळ्यात नागपूर आणि आसपासच्या भागात स्क्रब टायफसचे अनेक रुग्ण आढळले, त्यात मृत्यूही झाले. या तापाचे जंतू ज्या बारीक माइट किड्यांच्या अळ्यांतून माणसात येतात, ते किडे उंदरांच्या अंगावर आणि झाडोऱ्यात वाढतात. उंदराच्या मुतातून पसरणारा लेप्टोस्पायरोसिस आपल्याला कोकण-मुंबईचा आजार वाटतो, पण उंदीर आणि साचलेले पाणी एकत्र आले की तो कुठेही होऊ शकतो. आणखी एक गोष्ट सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांना वेगळी सांगायला नको. जिथे उंदीर, तिथे त्यांच्या मागावर नाग, धामण आणि घोणस येतात.

पहिली खूण: लेंड्या

सर्वांत आधी आणि सर्वांत खात्रीने सापडते ती लेंडी. एक उंदीर दिवसाला चाळीस-पन्नास लेंड्या टाकतो, त्यामुळे तो लपला तरी त्या लपत नाहीत. त्या कुठे टाकल्या आहेत त्यावरून त्याची वाट कळते आणि आकारावरून तो कोणता आहे तेही कळते.

तांदळाच्या दाण्याहून लहान, तीन ते सहा मिलिमीटर लांब आणि टोकदार लेंडी दिसली तर ती छोट्या घरउंदराची. साधारण एक ते सव्वा सेंटिमीटर लांब, किंचित वाकडी आणि दोन्ही टोकांना निमुळती असेल तर ती काळ्या उंदराची. हा माळ्यावर, आढ्याला, कवेलूंखाली राहणारा आणि उत्तम चढणारा उंदीर आहे. त्याहून मोठी, जाड लेंडी मोरीजवळ, अंगणात किंवा कोठ्यात सापडली तर घूस आहे असे धरून चालावे.

ताजी लेंडी काळीभोर, ओलसर आणि चकाकणारी असते. काडीने दाबली तर दबते. जुनी करडी पडते आणि दाबताच तिचा भुगा होतो. ही परीक्षा काडीने करावी, बोटाने नको. जागा एकदा साफ करून दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा पाहावी. नव्या लेंड्या दिसल्या, तर उंदीर सध्या घरात आहे यात शंका उरत नाही.

पालीची विष्ठा पाहून अनेकांची गफलत होते. पालीच्या विष्ठेच्या एका टोकाला पांढरा ठिपका असतो, उंदराच्या लेंडीला तो कधीच नसतो. झुरळाची विष्ठा याहून कितीतरी बारीक, मिरीच्या भुग्यासारखी असते.

दुसरी खूण: कुरतडणे

उंदराचे पुढचे दात जन्मभर वाढत राहतात. ते झिजवण्यासाठी त्याला सतत काहीतरी कुरतडावे लागते, पोट भरलेले असले तरी. म्हणून खायच्या वस्तूंबरोबर न खायच्या वस्तूही तपासाव्या.

पोत्याचा खालचा कोपरा पाहा. तिथे बारीक भोक आणि खाली दाण्यांचा सडा असेल तर काम सुरू झाले आहे. सोयाबीनच्या पोत्याखाली टरफले, गव्हाच्या पोत्याखाली अर्धवट खाल्लेले दाणे आणि पीठ दिसते. कापसाच्या ढिगाच्या कडेला सरकीची फोललेली टरफले आढळली, तर ढिगाच्या आत घरटे असण्याची दाट शक्यता आहे. मोरीतल्या साबणावर दातांचे दोन-दोन समांतर ओरखडे उमटतात. दाराच्या खालच्या कोपऱ्याला, फडताळाच्या कडेला लाकडाचा भुसा पडतो. ताजे कुरतडलेले लाकूड आतून फिकट दिसते, जुने काळपट होते.

देवघराकडेही लक्ष ठेवा. तेला-तुपात भिजलेली वात उंदराला फार आवडते. समईतली वात सकाळी नाहीशी झालेली असेल तर ती वाऱ्याने गेली असे समजू नका. जळती वात उंदराने ओढून नेली तर आग लागू शकते. ज्या घरात कापूस भरलेला आहे, तिथे समई तशीच तेवत ठेवून झोपणे धोक्याचे आहे.

तारांची तपासणी सर्वांत महत्त्वाची. फ्रीजच्या मागची, इन्व्हर्टरजवळची आणि कापसाच्या खोलीतून गेलेली तार डोळ्यांखालून घाला. आवरण सोललेले दिसले तर मेन स्विच बंद करा, वीजतंत्री बोलवा, हात लावू नका. उभ्या ट्रॅक्टरच्या आणि मोटारसायकलच्या वायरिंगवरही हंगाम संपला की एकदा नजर टाका. आठ-दहा दिवस न हललेले वाहन उंदराला आयते घर ठरते.

तिसरी खूण: वाट

उंदराची नजर कमजोर असते, पण मिशांचा आणि अंगावरच्या केसांचा स्पर्श तीक्ष्ण असतो. म्हणून तो मोकळ्या जागेतून न जाता भिंतीला अंग घासत जातो आणि रोज तीच वाट धरतो. अंगाच्या तेलकटपणाने आणि मळाने त्या वाटेवर काळपट, चिकट पट्टा उमटतो. चुन्याच्या भिंतीवर तो खालच्या चार बोटांत दिसतो. काळ्या उंदराचा पट्टा तुळईवर, बल्लीवर, पाइपावर किंवा आढ्याजवळ असतो. धूळ साचलेल्या माळ्यावर पावलांचे ठसे आणि मधोमध शेपटीची रेघ दिसते. मोबाइलची बॅटरी जमिनीला समांतर धरून उजेड टाकला की सरळ प्रकाशात न दिसणारे ठसेही उठून दिसतात.

शंका असेल तर एक साधी चाचणी करा. रात्री झोपण्याआधी संशयाच्या जागी, भिंतीकडेने, हातभर लांब पट्ट्यात रांगोळी किंवा चाळलेली राख पातळ पसरा. पीठ वापरू नका, ते खाणे ठरते. सकाळी पाहा. पुढच्या पायाला चार आणि मागच्या पायाला पाच बोटे उमटलेली असतील, मधून शेपटीची रेघ गेली असेल तर निकाल लागला. दोन-तीन ठिकाणी असे पट्टे टाकले की तो कुठून येतो आणि कुठे जातो तेही कळते. पुढे पिंजरा नेमका कुठे लावायचा, हे या रात्रीच्या चाचणीवर ठरते.

चौथी खूण: बीळ आणि माती

अकोटची जमीन काळी. पावसाळ्यात ती फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला भेगा पडतात. घराच्या जोत्याशी, फरशीच्या कडेला, ओट्याखाली दरवर्षी नव्या फटी पडतात त्या यामुळे. एप्रिल-मेमध्ये पडलेली फट पाऊस सुरू झाला की उंदराच्या कामी येते, कारण शेतातली बिळे पाण्याने भरली की तो उंच आणि कोरडी जागा शोधत निघतो.

घुशीचे बीळ सहज ओळखता येते. तोंड मुठीएवढे किंवा मोठे आणि बाहेर उकरलेल्या मातीचा ताजा ढीग. अंगणात, कोठ्याच्या भिंतीशी, नहाणीच्या सांडपाण्याजवळ ते सापडते. घूस धान्य ओढून बिळात साठवते आणि जोते पोखरते. मातीच्या भिंतींच्या, धाब्याच्या जुन्या घरांत तर भिंत खचेपर्यंत मजल जाते.

सगळी बिळे वापरात असतातच असे नाही. शेतकरी शेतात जे करतात तेच घरी करा. संध्याकाळी प्रत्येक तोंड ओल्या मातीने किंवा कागदाच्या बोळ्याने बुजवा. सकाळी जे उघडे सापडेल ते जिवंत बीळ. उपाय फक्त तिथे करायचा.

पाचवी खूण: आवाज, वास आणि घरट्याचे सामान

रात्री दहाच्या पुढे छतावर, माळ्यावर किंवा कपाटामागे खुडबुड, ओरखडण्याचा आवाज आणि मधूनच बारीक चीं-चीं. हे रोज त्याच जागी ऐकू येत असेल तर नोंद घ्या. बंद खोलीत उग्र, अमोनियासारखा मुताचा वास येऊ लागला तर संख्या वाढली आहे. फाटलेला कागद, चिंध्या, गोधडीतला किंवा ढिगातला कापूस, प्लॅस्टिकच्या पट्ट्या एका ठिकाणी गोळा झालेल्या दिसल्या तर ते घरटे. मांजर एकाच कोपऱ्याकडे टक लावून बसत असेल तर तो कोपरा हलवून पाहा.

उंदीर नसताना उंदराचा भास

चिचुंद्री अनेकदा उंदरात मोजली जाते. तिचे नाक लांब व टोकदार, डोळे बारीक आणि अंगाला तीव्र दर्प असतो. ती भिंतीकडेने चिकचिक करत पळते. ती किडे, झुरळे खाते आणि पोती कुरतडत नाही. तिच्यासाठी विष टाकण्याची गरज नाही, मोरीला जाळी लावली की पुरे. दिवसा छतावर होणारी धावपळ बहुधा खारीची असते. जुन्या वाड्याच्या माळ्यावर रात्री जड पावले धपधप वाजत असतील तर ते उदमांजर असू शकते. त्याला मारायचे नाही. तो वन्यप्राणी आहे, वनविभागाला कळवावे.

आपल्या घरात नेमके कुठे पाहायचे

कवेलूच्या घरात आढे, भिंतीच्या वरची कड आणि सरकलेली कवेलू पाहावी. टिनपत्र्याच्या घरात पत्र्याच्या पन्हाळीची उघडी तोंडे भिंतीवर जिथे टेकतात ती जागा उंदराची वहिवाट असते. स्लॅबच्या घरात पाइप आत येतो तिथली भोके, ओट्याखालची पोकळी, गॅस सिलिंडरमागचा कोपरा आणि सज्ज्यावरची अडगळ. छतावर टेकलेली कडुनिंबाची फांदी किंवा दोन घरांना जोडणारी केबल हीसुद्धा वाट असते. माळ्यावर कुरड्या-पापडांचे डबे असतील तर त्यांची झाकणे तपासा.

बाहेर पऱ्हाट्यांचा ढीग, कुटाराची खोली, ढेपेची पोती आणि गुरांच्या गव्हाणीखालची जागा पाहा. पेन्सिल आत जाईल एवढ्या भोकातून, म्हणजे साधारण सहा मिलिमीटरच्या फटीतून, छोटा घरउंदीर आत येतो. अंगठा जाईल एवढे भोक मोठ्या उंदराला पुरते. म्हणून "एवढ्याशा फटीतून काय येणार" हे वाक्य मनातून काढून टाका.

खुणा सापडल्या, आता काय

क्रम महत्त्वाचा आहे. आधी खाणे तोडा, मग वाट बंद करा, मग पकडा. बहुतेक घरांत याच्या उलट होते. बाजारातून आधी विषाची पुडी येते, पोती उघडी राहतात आणि मेलेल्या उंदरांच्या जागी महिनाभरात नवे येतात.

खाणे तोडायचे म्हणजे धान्य पत्र्याच्या कोठीत, घट्ट झाकणाखाली ठेवायचे. पोत्यांतच ठेवणे भाग असेल तर जमिनीपासून वीतभर उंच फळ्यांवर आणि भिंतीपासून दीड-दोन फूट सोडून थप्पी लावा, म्हणजे चारही बाजूंनी झाडता आणि पाहता येते. कापसालाही हाच नियम. भिंतीला टेकवून ढीग मारला की मागे काय चालले आहे ते विक्रीच्या दिवशीच कळते. रात्री खरकटी भांडी, गुरांची उरलेली ढेप आणि कुत्र्याची भाकर उघडी राहू देऊ नका. गळता नळ दुरुस्त करा, कारण मोठ्या उंदराला रोज पाणी लागते. पऱ्हाट्या घराच्या भिंतीपासून लांब रचा.

वाट बंद करताना नुसती माती किंवा लाकडाचा तुकडा चालत नाही, एका रात्रीत तो कुरतडला जातो. भोकात लोखंडी काथ्या कोंबून किंवा काचेचे तुकडे घालून वर सिमेंट भरा. मोरीच्या तोंडाला बारीक लोखंडी जाळी बसवा. दाराखालची फट पत्र्याच्या पट्टीने बंद करा. पत्र्याच्या पन्हाळीची तोंडे सिमेंटने बुजवा. छतावर येणाऱ्या फांद्या छाटा.

मग पकडणे. मोठा उंदीर नव्या वस्तूला बिचकतो. म्हणून पिंजरा आणल्या आणल्या सापळा चढवू नका. दोन-तीन रात्री तो नुसता उघडा ठेवून आत भज्याचा तुकडा, तेल लावलेली भाकर किंवा शेंगदाणे ठेवा. तो निर्धास्त खाऊ लागला की मग सापळा चढवा. पिंजरा मोकळ्या जागेत नको, रांगोळीवर ठसे उमटले त्याच वाटेवर, भिंतीला लावून ठेवा. चाप लावायचा असेल तर त्याचे आमिषाचे टोक भिंतीकडे असावे. एक पिंजरा पुरत नाही, एकाच रात्री चार-पाच जागी लावले तर काम लवकर उरकते. चिकट पुठ्ठे टाळा. त्यावर उंदीर तासन्‌तास तडफडत राहतो, शिवाय पाली, चिमण्या आणि मांजराची पिल्लेही अडकतात.

विषाबद्दल स्पष्ट बोलू

घरात लहान मूल असेल, गुरे असतील, तर विष हा शेवटचा उपाय. पिवळ्या फॉस्फरसची मलमासारखी ट्यूब अनेक दुकानांत मिळत आली आहे. तिने यकृत निकामी होते आणि तिच्यावर नेमका उतारा नाही. मुलांनी ती टूथपेस्ट समजून तोंडात घातल्याच्या घटना देशात घडलेल्या आहेत. ती घरात आणूच नका. झिंक फॉस्फाइड हे शेतासाठीचे काळे औषध आहे. पोटात गेल्यावर त्याचा विषारी वायू होतो आणि त्यालाही उतारा नाही. स्वयंपाकघरात त्याचे आमिष ठेवणे म्हणजे जिवाशी खेळ.

सर्वांत घातक चूक धान्यात ठेवायच्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्यांची होते. हवेतल्या ओलाव्याने त्या गोळ्यांतून फॉस्फिन वायू सुटतो. घरातल्या बिळात गोळी टाकून तोंड लिंपले तरी तो वायू भेगांतून झोपण्याच्या खोलीत येऊ शकतो आणि झोपेत माणसे दगावतात. राहत्या घरात या गोळ्या कोणत्याही कारणाने वापरू नका. तसेच उंदरासाठी उघडी वीजतार लावणे कधीही करू नका.

विषाशिवाय भागतच नसेल तर ब्रोमाडिओलोनच्या तयार वड्या त्यातल्या त्यात बऱ्या. उंदीर तीन-चार दिवसांनी किंवा त्याहून उशिरा मरतो आणि चुकून माणसाच्या पोटात गेल्यास डॉक्टरांकडे व्हिटॅमिन के-१ चा उपचार असतो. तरीही वडी मुलांच्या, कोंबड्यांच्या, कुत्र्या-मांजरांच्या हाती लागणार नाही अशा बंद डब्यात, भोक पाडून, ठेवावी. विष खाल्लेला उंदीर मांजराने किंवा घुबडाने खाल्ला तर त्यांनाही बाधा होते. उंदरांवर जगणारे गव्हाणी घुबड आपल्या शेताचे राखणदार आहे, ते जपायला हवे. कोणतेही विष पोटात गेल्याची शंका आली तर घरगुती उपायात वेळ घालवू नका. औषधाचे वेष्टण सोबत घेऊन तडक रुग्णालय गाठा. अकोटच्या ग्रामीण रुग्णालयात प्रथमोपचार घेऊन गरज पडल्यास अकोल्याच्या सर्वोपचार रुग्णालयात हलवावे लागेल. शेतातल्या उंदरांसाठी सल्ला हवा असेल तर डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या तज्ज्ञांना किंवा सहायक कृषी अधिकाऱ्याला विचारा.

साफसफाई करताना

लेंड्या दिसल्या की लगेच झाडू मारण्याची सवय घातक आहे. सुकलेल्या लेंड्या-मुताची धूळ श्वासात जाते. आधी दारे-खिडक्या अर्धा तास उघडा. तोंडाला फडके बांधा, हातात रबरी मोजे किंवा प्लॅस्टिकची पिशवी घाला. ब्लीचिंगचे पाणी शिंपडून दहा मिनिटे थांबा आणि मग ओल्या फडक्याने पुसून घ्या. मेलेला उंदीर उघड्या हाताने उचलू नका, दुहेरी पिशवीत बांधून खोल पुरा. गुरांच्या पाण्याजवळ किंवा नालीत फेकू नका.

उंदराने तोंड लावलेले पीठ, भाकरी, शिजवलेले अन्न टाकून द्या. थोडे धान्य नासले असेल तर खराब भाग बाजूला काढा, उरलेले पाखडून, धुऊन, कडक उन्हात वाळवून मगच वापरा.

उंदीर चावला तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवा आणि डॉक्टरांना दाखवा. धनुर्वाताचे इंजेक्शन आणि पुढचे उपचार तेच ठरवतील. तान्ही बाळे आणि अंथरुणाला खिळलेली वृद्ध माणसे यांना झोपेत चावा बसल्याचे लवकर कळत नाही, त्यांच्या अंथरुणाभोवती अन्नाचा कण राहू देऊ नका आणि मच्छरदाणी चारही बाजूंनी खोचा. पावसाळ्यात ताप, डोकेदुखी, अंगदुखी आली आणि काखेत, जांघेत किंवा कमरेशी काळी खपली दिसली, तर डॉक्टरांना ती खपली दाखवा आणि घरात उंदीर आहेत, शेतात काम करतो, हे आपणहून सांगा. स्क्रब टायफस वेळेवर ओळखला तर साध्या औषधाने बरा होतो, उशीर झाला तर जिवावर बेततो.

वर्षातून चार वेळा

ही तपासणी रोज करावी लागत नाही. चार वेळा मन लावून केली तर पुरते. मे महिन्यात गहू-ज्वारी कोठीत भरण्याआधी, जमिनीच्या भेगा आणि जोत्याच्या फटी भरताना. जुलैमध्ये, शेतातली बिळे पाण्याने भरल्यावर. दिवाळीच्या आवराआवरीत, सोयाबीन आणि कापूस घरात येण्याच्या वेळी. आणि फेब्रुवारीत, तूर घरात आलेली, हरभरा काढणीला आलेला आणि कापूस अजून विकायचा असताना. प्रत्येक वेळी माळ्यापासून कोठ्यापर्यंत एकदा बॅटरी घेऊन फिरा आणि एका रात्री रांगोळीची चाचणी करा.

एकट्याच्या घरापुरता उपाय मात्र टिकत नाही. आपल्या गल्ल्यांत भिंतीला भिंत लागलेली आणि छताला छत टेकलेले असते. तुम्ही वाट बंद केली की उंदीर शेजारी जातो आणि दोन महिन्यांनी परत येतो. म्हणून पिंजरे लावण्याची रात्र गल्लीने मिळून ठरवावी. नाली तुंबलेली असेल, कचरा पडून राहत असेल तर गावात ग्रामपंचायतीला आणि शहरात नगरपरिषदेला सगळ्यांनी मिळून लेखी कळवावे. आणि विष न टाकता दोन-चार घरांत एकाच वेळी उंदीर मरून पडलेले दिसले, पिसवा वाढल्या, तर ते आपसांत बोलून थांबू नका. त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्राला किंवा आशाताईंना सांगा. मामल्यात उंदीर आधी पडले आणि माणसे नंतर आजारी पडली. मधले ते काही आठवडेच आपल्या हातात असतात.